विसाव्या पातळीपर्यंत मौन

दोन उड्या म्हणजे राम राम.

टँकर मंगळवारी. मंगळवारी न येता गुरुवारी आल्यास तो मंगळवारचाच धरावा.

"बियाणे पेरण्यासाठी हिरव्या बाणावर बोट ठेवा."

उजव्या डोळ्यात सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन.

चारा छावणी: जनावरे पाचशे बारा. (माणसांचा रकाना छापलेला नाही.)

नियम ६: नवीन सदस्याने ऐकावे.

माणूस हा समाजशील प्राणी आहे, असे शाळेत शिकवतात. कितव्या पातळीपासून, हे शिकवत नाहीत. शिक्षणातली ही उणीव 'देवगिरी दरारा' या टोळीने भरून काढली, त्याबद्दल समाजाने तिचे ऋणी राहावे.

'सुजलाम' हा मोबाइलवर खेळायचा खेळ. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी तो खेळतात. प्रत्येकाला एक झोपडी, एक शेत आणि एक कुऱ्हाड मिळते. एकट्याने कितीही राबले तरी चौथ्या पातळीपुढे जाता येत नाही. त्यासाठी कुठल्या तरी टोळीत शिरावे लागते. टोळीत चाळीस माणसे. तिची एक चावडी असते, म्हणजे अशी जागा की जिथे सगळ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. खेळात दर बारा मिनिटांनी पाऊस पडतो. (ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी खेळाबाहेर तो पडला नव्हता.)

'देवगिरी दरारा'चा सरसेनापती विश्वजित, वय चोवीस, स्पर्धा परीक्षेची तयारी, वर्ष तिसरे. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी झाली. चौथ्या पिढीला नोकरी लागेपर्यंत नियम करायला कुठे तरी जागा हवी होती, ती टोळीने दिली. त्याने टोळीत पदे निर्माण केली ती अशी: सरसेनापती एक, उपसरसेनापती चार, किल्लेदार सात (किल्ला एक), सल्लागार अकरा, सन्माननीय सल्लागार पंधरा. बेरीज अडतीस. उरलेले दोन सदस्य काम करत.

या दोघांनी बोलायचे नाही, असा नियम होता. विसाव्या पातळीला पोचल्यावर माईक मिळे, तोवर फक्त ऐकायचे. यामागचा विचार स्वच्छ आहे. नवीन माणूस बोलला की प्रश्न विचारतो. प्रश्न विचारला की उत्तर द्यावे लागते. उत्तर द्यायचे तर ते माहीत असावे लागते. माईक बंद ठेवल्याने हा सगळा व्याप वाचतो आणि नवीन माणसाची प्रगतीही होते. कारण बोलण्यात न गेलेला वेळ लाकडे तोडण्यात जातो.

काकासाहेब, वय एकसष्ट, राहणार देवगाव रंगारी, तालुका कन्नड. हल्ली मुक्काम मुलाकडे, बिडकीनच्या रस्त्याला झालेल्या नव्या वसाहतीत, 'हरित किनारा' सोसायटी, पाचवा मजला. (किनारा कशाचा, हे माहितीपत्रकात दिलेले नाही.)

काकासाहेबांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ टाळायला सांगितली. गावात त्या साली धुळीखेरीज काही पिकले नव्हते. शहरातही धूळ होती, पण ती बांधकामाची, म्हणजे विकासाची असल्याने चालणार होती. महिन्याचे पाच महिने झाले. मुलगा सार्थक सकाळी सातला कंपनीच्या बसने जाई. सून मोनिका शाळेत शिकवायला जाई. मग सहा वाजेपर्यंत काकासाहेब गॅलरीत उभे राहून समोरच्या ज्वारीच्या रानात चाललेला जेसीबी बघत. एकदा त्यांनी पाचव्या मजल्यावरून जेसीबीवाल्याला गाव विचारले. त्याच्या कानात वायर होती.

शेवटी मोनिकाने जुन्या फोनवर 'सुजलाम' घालून दिला.

"मामा, हे खेळत जा. ह्याच्यात माणसं असतात," ती म्हणाली. "खरी. पलीकडं कुठंतरी बसलेली."

काकासाहेबांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि विचारले, "बोलत्यात का?"

"बोलतात की. तेच तर करतात."

खेळाच्या सुरुवातीला एक कोल्हा येतो. त्याच्या डोक्यावर पगडी असते आणि तो पेरणी शिकवतो. ही शिकवणी चुकवता येत नाही. काकासाहेबांनी अडतीस वर्षे पेरणी केलेली. त्यांनी सवयीने आधी ढगाकडे पाहिले. कोल्हा म्हणाला, "उशीर करू नका!" त्यांनी बांधाकडेची तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, मोकळी सोडली. कोल्हा म्हणाला, "पुन्हा प्रयत्न करा!" चौथ्या प्रयत्नात त्यांनी आपले काही न चालवता हिरव्या बाणावर बोट ठेवले. लाडू फुटावा तसा आवाज झाला आणि गहू आला. कोल्ह्याने त्यांना 'होतकरू' ही पदवी दिली.

प्रवेश अर्ज (उतारा):

नाव: काकासाहेब. शेरा: खरे नाव चालत नाही. बाद.

नाव: काकासाहेब, देवगाव रंगारीवाले. शेरा: अजूनच खरे झाले. बाद.

नाव: काका६१ (हे मोनिकाने भरले). शेरा: मंजूर.

अनुभव: शेती, अडतीस वर्षे. शेरा: शून्य धरावा.

टोळीत येण्याचा हेतू: बोलणे. शेरा: नियम ६ वाचावा.

चावडी दुपारी दोन ते पाच भरे. काकासाहेब जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून ठेवत, बशीत चहा ओतत आणि लाकडे तोडत ऐकत. एका उपसरसेनापतीची दाढ दुखत होती. काकासाहेब म्हणाले, "लवंग धर दाढंत." माईक बंद होता. दुसऱ्या दिवशी उपसरसेनापतीने सांगितले की दाढ काढावी लागली. काकासाहेब म्हणाले, "नाय ऐकलंस ना. मग असंच व्हतं." एका किल्लेदाराच्या बहिणीचे लग्न ठरत होते. एका सन्माननीय सल्लागाराला बापाने दुकानात बसायला सांगितले होते आणि त्याला बसायचे नव्हते. या सर्वांना काकासाहेब सल्ला देत. समोर जेसीबी चाले. सल्ला कोणीच मानत नसे, पण त्याची त्यांना गावात सवय होती.

चौथ्या महिन्याअखेरची स्थिती: काकासाहेबांना अडतीस जणांच्या घरची खबरबात ठाऊक. अडतीस जणांना काकासाहेबांविषयी ठाऊक: "काका६१. लाकूड रोजी चारशे दहा, पाणी दोनशे साठ. बोट संथ."

गावी काकासाहेबांची बायको आशाबाई दोन बैल घेऊन चारा छावणीत राहत होती. बैलांपुढे वैरण टाकून झाली की सकाळी अकराला तिचा फोन येई.

"काय करायले?"

"पाणी शेंदायलो."

"कुठं?"

"फोनात."

"बरंय की. किती हाय पाणी?"

"आटतच नाय ती विहीर. किती बी काढा."

"मग दोन घागरी इकडं लावून द्या. बैल तहानले."

यापुढचे बोलणे अर्धा तास चाले आणि त्यातले फार थोडे काकासाहेबांशी असे. आशाबाईच्या हातचा फोन शेजारच्या दावणीची भागूबाई घेई, तिच्याकडून मोतीराम घेई. कोणाच्या गाईने कोणाची पेंढी ओढली, यावर तिघांचे एकदम बोलणे होई. छावणीत पातळ्यांची व्यवस्था नव्हती. कोणीही उठावे आणि बोलावे. शासनाने चारा दिला, पण शिस्तीचे काही केले नाही, असे खेदाने म्हणावे लागते. काकासाहेब दर खेपेला म्हणत की मी येतो तिकडं. आशाबाई दर खेपेला म्हणे, "डोळ्याचं बघा आधी. इथं लई फुफाटा हाय."

दुसरा न बोलणारा सदस्य म्हणजे शहागंज०९.

तो काकासाहेबांच्याच आठवड्यात टोळीत आला. त्याचाही माईक बंद. त्याची झोपडी काकासाहेबांच्या झोपडीला लागून. पहिल्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदताना काकासाहेबांचे बोट चुकून शेजारच्या बटणावर पडले आणि पडद्यावरचा काका६१ दोन उड्या मारून गेला. शहागंज०९ थांबला. त्याने घागर खाली ठेवली आणि त्यानेही दोन उड्या मारल्या.

आठवडाभरात पुढील शब्दसंग्रह तयार झाला. दोन उड्या: राम राम. (पलीकडून त्याला जे म्हणायचे असेल ते.) एक उडी: व्हय. तीन: जेवलो. विहिरीभोवती एक फेरी: आज जीव लागत नाही. हे कोणी ठरवले, ते सांगता येत नाही. भाषेच्या उगमाबाबत विद्वानांचेही असेच होते.

शहागंज०९ कोण होता? वय ठाऊक नाही, आवाज ठाऊक नाही, बाई की बुवा हेही नाही. काकासाहेबांनी त्याला बुवा धरले. शुक्रवारी दुपारी एक ते दोन तो नसे, एवढे मात्र त्यांच्या ध्यानात आले होते. त्याचे बोट चपळ होते. आपली चारशे लाकडे झाली की तो आणखी दोनशे तोडी आणि काकासाहेबांच्या झोपडीच्या दारात टाकून जाई. खेळात 'मदत' असे बटण नाही. लाकूड दारात टाकता येते, एवढेच. काकासाहेब सातव्या पातळीवरून चौदाव्यावर आले ते या लाकडांवर. मोबदल्यात ते त्याच्या शेताला पाणी घालत. त्यांच्या मते तो पाणी फार धसमुसळेपणाने देई, त्याने मुळं उघडी पडत. (खेळातल्या गव्हाला मुळं नसतात.)

हा प्रकार टोळीच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. एका सल्लागाराने हिशेब मांडला की एका उडीला जेवढी ताकद खर्ची पडते, ती लक्षात घेता दोन सदस्यांच्या एका महिन्याच्या उड्यांत किल्ल्याच्या तटाचे दीड दगड बसले असते. ठराव झाला. नियम १४: अनावश्यक उडी मारू नये. आवश्यक उडी कोणती, हे ठरवायला पाच जणांची समिती नेमली. ती अजून बसायची आहे.

त्यानंतर ते दोघे विहिरीवर नुसते समोरासमोर उभे राहत. उभे राहण्याविरुद्ध नियम नव्हता.

काकासाहेब एकोणिसाव्या पातळीला होते तेव्हा एका बुधवारी शहागंज०९ आला नाही. गुरुवारीही आला नाही. काकासाहेबांनी त्याच्या शेताला पाणी घातले. शनिवारी त्याची चारशे लाकडे स्वतःच तोडून त्याच्या दारात ठेवली. त्या आठवड्यात सोसायटीचा पाण्याचा टँकरही आला नाही. मोनिकाने विचारले, "मामा, तब्येत बरी आहे ना तुमची?" ते म्हणाले, "माजी बरी हाय." अकरा दिवस त्यांनी दोन माणसांचे काम केले. बाराव्या दिवशी झोपडी दिसली नाही. तिच्या जागी दुसऱ्याची होती आणि तो नवीन माणूस कोल्ह्याचे ऐकत उभा होता. काकासाहेबांनी त्याच्यापुढे, नियम मोडून, दोन उड्या मारल्या. तो बाजूला सरकला.

आता विचारायचे तर बोलावे लागणार होते. विसाव्या पातळीला अठराशे लाकडे कमी होती. काकासाहेबांनी ती दीड दिवसात तोडली. टोळीच्या इतिहासात एवढी निष्ठा कोणी दाखवली नव्हती, असा उल्लेख कामकाजाच्या नोंदीत आहे.

माईकप्रदान समारंभ दुपारी तीन वाजता चावडीवर झाला. शाल (चित्रातली), श्रीफळ (चित्रातले, फुटत नाही) आणि माईक. प्रथा अशी की नव्या सन्माननीय सल्लागाराने पदांच्या उतरत्या क्रमाने अडतीस जणांचे आभार मानायचे. दोन मिनिटे मिळतात. पाच महिन्यांच्या मौनानंतर दोन मिनिटे, म्हणजे प्रमाण वाईट नाही.

"बोला काका," विश्वजित म्हणाला.

काकासाहेबांनी घसा साफ केला. "राम राम. जेवले का सगळे?"

कोणीतरी हसले. कोणीतरी "हो काका" म्हणाले.

"त्यो शहागंजवाला दिसंना. बरा हाय ना त्यो?"

"कोण?"

"शहागंज शून्य नऊ. विहिरीपाशी असायचा की."

विश्वजितने यादी पाहिली. "काढला त्याला. सलग अकरा दिवस गैरहजर. नियम नऊ."

"व्हय, पर आला का नाय त्यो?"

"ते नियमात येत नाही, काका."

"फोन केला का कुणी?"

इथे विश्वजितने यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली, अशी नोंद आहे. मग दाढवाला उपसरसेनापती म्हणाला, "नंबर नसतो काका कुणाचा कुणाकडं. आपण तसं ठेवतच नाही."

"नाव तरी सांगा त्याचं."

"काका, तुम्ही विषय सोडून चाललात," विश्वजित म्हणाला. तो उद्धट नव्हता. क्लासमध्ये त्याला गटचर्चेत दहापैकी नऊ मिळत. "आभार माना, आणि संपवू."

"कुणाचे मानू? ज्यानं माझ्या दारात लाकडं टाकली, त्यालाच तर तुमी काढलं."

वापरलेला वेळ एक मिनिट दहा सेकंद. पन्नास सेकंद शिल्लक असताना माईक बंद करण्यात आला. विषयांतराबद्दल काका६१ यांची पातळी एकने कमी करून एकोणीस करण्यात आली. एकोणिसाव्या पातळीला माईक नसतो.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी डोळ्यांवर काळा चष्मा लावला, टोपी घातली आणि ते शहरबसने शहागंज या शहरातल्या जुन्या बाजारपेठेत गेले.

ज्या माणसाचे नाव, तोंड, वय आणि आवाज यांपैकी काहीही माहीत नाही, त्याला भर बाजारात कसे शोधावे? प्रश्न अवघड वाटतो, पण नाही. माहीत असलेली खूण एकच होती. काकासाहेब घड्याळाच्या मनोऱ्याखाली मोकळी जागा बघून उभे राहिले आणि त्यांनी दोन उड्या मारल्या. (डॉक्टरांच्या कागदावर धुळीची मनाई होती. उड्यांबद्दल काही लिहिलेले नव्हते.) मग आजूबाजूला पाहिले. थोडे पुढे सरकून पुन्हा दोन मारल्या. पाव तासात ते फळांच्या गाड्यांपासून चपलांच्या दुकानांपर्यंत आले. लोक वाट देत होते.

खोक्यात बसून घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एकाने डोळ्यातले भिंग काढले.

"चच्चा, कायकू कूदरे?"

काकासाहेबांनी आपल्या हिंदीत सांगितले, "एक आदमी कू ढूंढता. वो दिखा तो वापस कूदेगा."

"नाम?"

"नाय मालूम."

"काम क्या करता?"

"लकडी तोडता. पानी भरता. मेरे कू लई मदत किया."

घड्याळवाल्याने विचार केला. "हौ, ऐसे तो भोत हैं इधर," तो म्हणाला आणि त्याने स्टूल पुढे सरकवले.

त्यानंतर जे झाले त्याला कोणतीही पद्धत नव्हती. घड्याळवाल्याने काकासाहेबांना पातळी विचारली नाही. त्याने गाव विचारले, जमीन विचारली, विहिरीला पाणी कधीपासून नाही ते विचारले, डोळा कोणी कापला ते विचारले. चहा आला. शेजारचा कापडवाला आला. त्याची बहीण कन्नडला दिली होती, म्हणून त्याने बोलण्याचा ताबाच घेतला. तो माणूस कसा असेल, यावर पाच जणांची पाच मते पडली आणि मतदान झाले नाही. कापडवाल्याने स्वतः एकदा दोन उड्या मारून पाहिल्या, बाजारात कोणी उलट मारतो का म्हणून. कोणी मारली नाही. काकासाहेब तीन तास बोलले. त्यातला एक शब्दही कोणी नोंदवून ठेवला नाही, यावरून त्या बाजारात शिस्तीची काय अवस्था आहे ते कळते.

शहागंज०९ सापडला नाही. शोध आठवड्यातून तीनदा चालू आहे. शुक्रवारी तो दोननंतर सुरू होतो.

सलग अकरा दिवस गैरहजर राहिल्यामुळे काका६१ यांना नियम नऊखाली टोळीतून कमी करण्यात आले. ते का आले नाहीत, हे कोणी विचारले नाही. 'देवगिरी दरारा'च्या वार्षिक अहवालात सदस्यसंख्या चाळीस (स्थिर), शिस्त शंभर टक्के आणि आपुलकी 'वाढती' अशी दाखवली आहे.

वाचकाला इथे विश्वजितचा राग आला असेल. यायला हरकत नाही, तो तरुण आहे, त्याला सहन होईल. फक्त राग आटोपल्यावर, खाली जाऊन पत्रपेट्यांवरची पाटी न वाचता, आपल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव सांगावे. जमत नसेल तर 'अरेरे' म्हणावे. ते मोठ्याने म्हटले तरी चालेल, तुमचा माईक बंद आहे.

काकासाहेब राहायला आले त्याच्या नवव्या दिवशी 'हरित किनारा' सोसायटीने, जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलण्यास मनाई करणारा ठराव केला. फ्लॅट बत्तीस आहेत, ठरावाखाली सह्या बत्तीस आहेत.